पापणीचा टेकू

माझं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, भिंतीला आरसा, काचेच्या फळ्यांवर फ्रेमा, आणि मागे पडद्याआड माझं टेबल. टेबलावर काच घासायचं यंत्र, पकडी आणि बारीक स्क्रूंच्या डब्या. पुढचं काउंटर बायको सांभाळायची. कोणाच्या चेहऱ्याला कुठली फ्रेम शोभेल हे ती गिऱ्हाईक दारातून आत येता येताच ठरवून टाकायची, आणि कुठली शोभत नाही ते तोंडावर सांगायची. "काका, ही घालू नका. हिच्यात तुम्ही रागावलेल्या घुबडासारखे दिसता." माणसं हसायची आणि तिने काढून दिलेली फ्रेम घेऊन जायची. मला माणसांशी फारसं बोलता येत नाही. ती होती तोवर त्यावाचून काही अडलं नाही.

तिच्या डाव्या पापणीचं लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी सुरू झालं. सकाळी सगळं ठीक असायचं. दुकान बंद करायची वेळ झाली की पापणी अर्ध्या डोळ्यावर उतरायची. नेहमी येणारे एक मास्तर होते. एका संध्याकाळी ते तिच्याशी बोलता बोलता घाबरले आणि मागे वळून पाहू लागले, ही कोणाला खुणावते आहे म्हणून. ती म्हणाली, "मास्तर, तुम्हालाच डोळा मारतेय. सकाळपासून मारतेय, म्हणून आता उघडत नाही." मास्तर त्यानंतर बरेच दिवस दुकानाकडे फिरकले नाहीत.

पुढे हसण्यावारी नेता येईना. केस विंचरताना हात खाली यायला लागला. रात्रीच्या जेवणाला बसली की तिचा आवाज नाकातून यायचा आणि घास चावता चावता ती थांबायची. तपासण्या झाल्या आणि आजाराचं नाव कळलं, मायस्थेनिया. शरीर जंतूंशी लढण्यासाठी प्रतिपिंडं तयार करतं, हे मला तिथे पहिल्यांदा नीट समजलं. तिच्या शरीरात काही प्रतिपिंडं चुकीची तयार होत होती. नस स्नायूला जिथे हुकूम देते, नेमक्या त्या जागी जाऊन ती बसत होती. हुकूम निघायचा, पण पोचायचा नाही. गोळ्यांनी बरं वाटेल, आजार मात्र जाईल असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

गोळ्या घेऊन ती पुन्हा काउंटरला उभी राहिली. तरी संध्याकाळची पापणी यायचीच. मग मी तिच्या चष्म्याला एक बारीक तार बसवली. फ्रेमच्या वरच्या कडेला आतल्या बाजूने डाख देऊन, तारेवर मऊ नळी चढवून. चष्मा घातला की पापणी तारेवर उचलली जायची आणि डोळा उघडा राहायचा. यात माझं डोकं काही नाही, जुन्या कारागिरांना हे माहीत असतं. पण तार टोचत नाही अशी जमेपर्यंत मी ती पुन्हा पुन्हा वाकवली. शेवटी तिने घालून आरशात पाहिलं आणि म्हणाली, "वा कारागीर, पडायला आलेल्या छताला लावतात तसा टेकू लावलास की मला." तेव्हापासून तो चष्मा म्हणजे टेकू. सकाळी दुकानाला निघताना ती विचारायची, टेकू घेतलास का.

दिवस राहिले तेव्हा तिच्या डॉक्टरांनी आम्हाला आधीच बाळाच्या डॉक्टरबाईंना भेटून यायला सांगितलं. डॉक्टरबाई वयाने आमच्याएवढ्याच, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घेऊन बोलणाऱ्या. त्यांच्या चष्म्याच्या नाकावरच्या गाद्या बदलायला झाल्या होत्या. माझं अर्धं लक्ष तिकडे होतं, पण त्यांनी जे सांगितलं ते सगळं मला आठवतं.

त्या म्हणाल्या, बाळाची नाळ जिला जोडलेली असते ती वार आईचं रक्त बाळाच्या रक्तात मिसळू देत नाही. पण आईच्या रक्तातली प्रतिपिंडं ती एकेक करून उचलते आणि पलीकडे बाळाला नेऊन देते. शेवटच्या महिन्यांत तर ढिगाने देते. कारण जन्मलेल्या बाळाची स्वतःची तयारी काहीच नसते. आईने जे आजार काढले असतील, ज्या लसी घेतल्या असतील, त्यांची राखण बाळाला पहिले काही महिने आयती मिळते.

"पण वारेला निवड करता येत नाही," त्या म्हणाल्या. "ती प्रतिपिंडाचा साचा ओळखते. ते लढतं कोणाशी, हे तिला कळत नाही. गोवरावरचं जातं तसं तुमच्या पापणीवरचंही जाणार."

बायकोने विचारलं, म्हणजे बाळालाही हेच होणार? डॉक्टरबाई म्हणाल्या, बहुतेक बाळांना काही होत नाही. थोड्या बाळांना होतं. त्यांना दूध ओढायला ताकद नसते, रडणं बारीक असतं, पापण्या जड असतात. पण ते बाळाचं स्वतःचं नसतं. बाळ ती प्रतिपिंडं तयार करत नाही, त्याच्याकडे ती उसनी आलेली असतात. तीन-चार आठवड्यांत निम्मी होतात, मग त्याची निम्मी, असं करत संपतात. तोवर औषध द्यायचं आणि सांभाळायचं.

त्याच दिवशी त्यांनी तिला डांग्या खोकल्याची लस दिली. तिचीही प्रतिपिंडं बाळाकडे जातील म्हणाल्या. घरी येताना बायको दंड चोळत होती आणि म्हणत होती, चला, थोडा चांगला मालही भरला गाडीत. घराच्या पायऱ्या चढताना म्हणाली, "बाईंनी फार सोपं करून सांगितलं रे. इतकं सोपं असतं का?"

मुलगी झाली. पहिल्या दिवशी ती सगळ्या बाळांसारखी होती. दुसऱ्या दिवशी दूध तोंडात घेऊन तशीच पडून राहायला लागली. रडायची, पण बंद दारामागे मांजराचं पिल्लू असावं तेवढाच आवाज. दोन्ही पापण्या जड, डावी जास्त. बायकोने तिला हातांवर घेऊन पाहिलं आणि आधी हसली. म्हणाली, "बघ कशी बघतेय. कामावर आलेल्या मुकादमासारखी. आपलं कोणाचंच काम हिला पसंत नाही." मुलीला तेच नाव पडलं.

मग ती मला म्हणाली, "माझंच दिलं मी हिला."

मी म्हणालो, जाणार आहे ते, बाईंनी सांगितलंय.

"पापणी वर गेली की मला दाखव. तोवर मला काही सांगू नकोस."

पुढच्या आठवड्यात बायकोला ताप आला, खोकला झाला. खोकून बाहेर काढायलाही स्नायू लागतात. श्वास घ्यायला लागतातच. तिचे थकले. अतिदक्षता विभागात तिला यंत्रावर ठेवलं. घशात नळी होती, बोलता येत नव्हतं. मला थोडा वेळ आत सोडायचे. एकदा तिने हात उचलला, बोट स्वतःच्या डाव्या पापणीला लावलं, आणि माझ्याकडे पाहिलं. मला लगेच कळलं ती काय विचारते आहे. मी मान हलवली. अजून नाही.

मला खोटं बोलायची सवय नाही. गिऱ्हाइकाचा नंबर वाढला असेल तर वाढलाय असंच मी सांगतो. तिथे मात्र हो म्हणायला हवं होतं. नुसती मान डोलवायची होती. त्यानंतर ती फार काळ जागी राहिली नाही, आणि दोन दिवसांनी गेली.

मुकादमाला घेऊन मी घरी आलो तेव्हा बरोबर सासूबाई आल्या. बायको त्यांची एकुलती एक. सासूबाईंची सगळी नोकरी एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात झाली. कामगार किती वाजता आत आला, किती वाजता बाहेर गेला, याच्यावर त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी मनगटावर घड्याळ असतं, आणि कोणी घरात आलं की त्या आधी घड्याळाकडे बघतात आणि मग माणसाकडे. बायको म्हणायची, लहानपणी शाळेतून उशिरा आले तर आई ओरडायची नाही, नुसती वेळ सांगायची. ते जास्त लागायचं.

मुकादमाचं औषध त्यांच्यासाठीच केल्यासारखं होतं. प्रत्येक दुधाच्या अर्धा तास आधी बिनसुईच्या सिरिंजमधून गालाच्या आत थेंब सोडायचे. अर्ध्या तासात औषध लागू पडायचं, ओठांना जोर यायचा आणि ती बाटली ओढायची. पुढचं दूध जवळ आलं की आधीचं औषध उतरलेलं असायचं. पापण्या पुन्हा खाली. दिवसातून कितीतरी वेळा हे चढणं-उतरणं. सासूबाईंचा डोस कधी मागेपुढे झाला नाही. त्यांच्या भरवशावर मी दुकान पुन्हा उघडलं.

काउंटरला आता मीच उभा राहायचो. ही फ्रेम कशी दिसते असं कोणी विचारलं की चांगली दिसते म्हणायचो. मास्तर येऊन बसले आणि गरज नसताना चष्म्याची दोरी घेऊन गेले.

आता जे लिहायचं ते लिहायला अवघड आहे. दुपारच्या डोसच्या जरा आधी मी घरी जायला लागलो. जेवायला आलो, असं म्हणायचो. मुकादम जागी असायची आणि औषध उतरलेलं असायचं. डावी पापणी अर्ध्यावर, उजवी थोडी वर, आणि त्या अर्ध्या डोळ्यातून ती माझ्याकडे बघायची. चेहरा तिचा स्वतःचा, नाक बहुधा माझं. पण पापणी दुकान बंद करतानाची. ती मला रोज पाहायची होती. मग सासूबाई सिरिंज घेऊन यायच्या, मी ताट घ्यायचो, आणि जेवण होईपर्यंत दोन्ही डोळे उघडलेले असायचे. औषध मी कधी चुकवलं नाही. फक्त त्याच्या आधी येऊन बघायचो.

सहा आठवड्यांच्या लसीच्या वेळी मुकादमाच्या मांडीत सुई गेली. तिचं तोंड वेडंवाकडं झालं, लाल झालं, पण आवाज तोच, मांजराच्या पिल्लाचा. नर्स म्हणाली, शहाणी आहे हो, त्रास देत नाही. सासूबाई तिला म्हणाल्या, "शहाणपणा कसला. ताकद नाही तिच्यात." नर्स बिचारी ओशाळली.

त्यानंतरची गोष्ट. एका दुपारी दुकानात एका गिऱ्हाइकाने अडकवलं, म्हणून मी रोजच्यापेक्षा उशिरा, सावकाश चालत घरी आलो. एव्हाना डोस होऊन गेला असणार, आज बघायला मिळणार नाही, असं मनात होतं. दार नुसतं लोटलेलं होतं. सासूबाई खिडकीजवळ खुर्चीत बसल्या होत्या, पाठ माझ्याकडे, मांडीवर मुकादम. टेबलावर वाटीत सिरिंज होती, भरलेली. वर भिंतीवर घड्याळ. डोसची वेळ केव्हाच होऊन गेली होती.

सासूबाई विसरल्या असतील असं मला क्षणभरही वाटलं नाही. ती बाई विसरत नाही.

मुकादमाची पापणी मी कधी पाहिली नव्हती इतकी खाली आली होती. सासूबाई आपला अंगठा त्या पापणीवरून फिरवत होत्या, टेकवत नव्हत्या, वरच्यावर. आणि काहीतरी बोलत होत्या, हळू आवाजात. मुकादमाशी नव्हत्या बोलत. स्वतःच्या गेलेल्या मुलीशी बोलत होत्या. दुपारच्या जेवणाला काय करू, असं काहीतरी विचारत होत्या.

मी तिथेच म्हणायला हवं होतं, आई, औषध. मी म्हणालो नाही. मी दारात उभा राहिलो आणि मीही बघत राहिलो.

मग मुकादम भुकेने कुरकुरली. सासूबाई दचकल्या. त्यांनी घाईघाईने थेंब गालात सोडले, आणि बाळ भुकेलं आहे म्हणून अर्धा तास न थांबता बाटली तिच्या तोंडाला लावली. मी "आई" म्हणेपर्यंत दूध नाकातून आलं होतं. मुकादमाला खोकता येईना. ओठांचा रंग बदलायला लागला. मी तिला पालथी करून पाठीवर थापट्या मारल्या. खालच्या मजल्यावरच्या माणसाने गाडी काढली आणि आम्ही तिला दवाखान्यात नेलं.

तिचा घसा साफ केला, प्राणवायू लावला, नाकातून पोटापर्यंत दुधाची नळी घातली. संध्याकाळपर्यंत रंग परत आला. डॉक्टरबाई बाहेर आल्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला, औषध वेळेवर दिलं होतं का. वेळेवर देऊनही असं झालं असेल तर ते कमी पडतंय, वाढवावं लागेल.

मी सासूबाईंकडे पाहिलं नाही. माझ्याकडून उशीर झाला, असं म्हणायची मी मनात जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात त्या बोलल्या.

"उशीर मी केला. मुद्दाम केला."

डॉक्टरबाई त्यांच्याकडे वळल्या.

"पापणी पडली की माझी मुलगी दिसते. आधी दोन-चार मिनिटं थांबायची मी. आज जास्त थांबले." त्यांनी मनगटाकडे पाहिलं आणि किती जास्त ते बरोबर सांगितलं.

डॉक्टरबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. त्या रागावतील असं मला वाटलं होतं. त्या म्हणाल्या, बरं झालं सांगितलंत. हे औषध गरजेपेक्षा जास्त झालं तरी स्नायू लुळे पडतात, आणि मी आज ते वाढवणार होते.

मग सासूबाईंनी त्यांना विचारलं, ही वाईट प्रतिपिंडं जाऊन चांगली तेवढी मागे राहतील, असं काही करता येत नाही का. डॉक्टरबाई म्हणाल्या, नाही. एकाच बोचक्यातून आली आहेत, सगळीच संपणार. म्हणूनच लसी वेळेवर द्यायच्या. आईची संपेपर्यंत हिची स्वतःची तयार व्हायला लागली पाहिजेत. सासूबाईंनी मान हलवली. म्हणाल्या, सगळीच.

आम्ही बाकड्यावर बसलो. मला त्यांना काहीतरी सांगायचं होतं आणि कसं सुरू करावं ते कळत नव्हतं. शेवटी म्हणालो, आई, मी रोज दुपारी जेवायला येत नाही.

"माहीत आहे मला. ताटात निम्मं टाकता तुम्ही."

"आज मी दारात उभा होतो."

"तेही माहीत आहे. पायऱ्यांवर पाऊल वाजलं." मग त्या म्हणाल्या, "वाटलं, बघू दे जावईबापूंनाही. त्यांची बायको होती."

बायकोने घशात नळी असताना बोटाने विचारलेला तो प्रश्न मी त्यांना सांगितला, आणि मी मान कशी हलवली तेही. ते मी तोवर कोणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं. तुमची चूक नाही, असं त्या म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्याकडे निरोप दिला असता तर मी खोटं बोलले असते. मला जमतं." आणि खरोखरच त्यांना ते जमलं असतं.

मुकादम काही दिवसांनी घरी आली. त्यानंतर डोसच्या आधीच्या वेळात आम्ही दोघेही तिच्या तोंडाकडे पाहत नव्हतो, घड्याळाकडे पाहत होतो. पण न बघता बघितलं जातंच. पापणी पडणं कमी होत चाललं. आधी अर्ध्या डोळ्यावर यायची, मग पावपर्यंत. डॉक्टरबाई थेंब कमी करत गेल्या. एक दिवस चहा घेताना सासूबाई कपात बघत म्हणाल्या, "आज पडली नाही." मी हं म्हणालो. दोघांनी चहा संपवला. त्या कप विसळायला उठल्या त्या बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आल्या नाहीत. मी दुकानात गेलो आणि एका माणसाच्या चष्म्याच्या दांडीचा स्क्रू घट्ट करायला घेतला. तो आधीच घट्ट होता.

नंतर औषध पूर्ण बंद केलं आणि तपासणीला बोलावलं. त्याच दिवशी लसही द्यायची होती. डॉक्टरबाईंनी मुकादमाला उताणं ठेवलं आणि म्हणाल्या, हिच्या डोळ्यांच्या वर काहीतरी चकचकीत धरा, मिनिटभर तिला वर बघू दे. पापणीत अजून कमजोरी असेल तर थकून खाली येईल. ही परीक्षा मला पाठ होती. बायकोची अशीच घ्यायचे.

माझ्या खिशात टेकू होता. तो मी दुकानात ठेवून देत नव्हतो, आणि घरीही नाही. तो काढून मी मुकादमाच्या डोक्यावर धरला. काचांवर आणि त्या बारीक तारेवर दिव्याचा उजेड पडला. मुकादमाने तो पाहिला आणि डोळे वर लावले. सासूबाईंनी घड्याळ समोर धरलं.

आम्ही दोघे त्या डाव्या पापणीकडे बघत होतो. ती पडू नये असंच मला वाटत होतं. आणि एकदा, शेवटचं, पडावी असंही वाटत होतं. सासूबाईंना काय वाटत होतं ते मी विचारलं नाही. त्या घड्याळाकडे बघायचं सोडून पापणीकडे बघत होत्या, एवढं मला दिसलं.

पापणी पडली नाही. मुकादमाने हात वर केला आणि चष्म्याची दांडी पकडायचा प्रयत्न केला.

"झालं की हो मिनिट," डॉक्टरबाई म्हणाल्या. माझा हात तसाच वर होता. सासूबाईंनी तो धरून खाली घेतला.

मग नर्सने मांडीत लस दिली. मागच्या खेपेचीच नर्स. मुकादमाचं तोंड वेडंवाकडं झालं, लाल झालं, तिने श्वास आत ओढला, आणि इतक्या मोठ्याने किंचाळली की नर्सच्या हातातला कापूस पडला. टेबलापलीकडच्या बायकांनी माना वळवल्या. नर्स म्हणाली, अगं, केवढा हा गळा, कोणाचा गं? सासूबाई म्हणाल्या, काउंटरवरच्या बाईचा. नर्सला काही कळलं नाही.

तिला खांद्यावर घेऊन मी निघालो. ती थांबेना. बाहेर पडायची वाट अतिदक्षता विभागाच्या दारावरून जाते. याआधी तिथून जाताना मी पाय उचलायचो. त्या दिवशी दारासमोर आलो आणि थांबलो. दार बंद होतं. मुकादम पूर्ण ताकदीने रडत होती, दोन्ही डोळे सताड उघडे, दोन्ही सारखे. मी बोट तिच्या डाव्या पापणीला लावलं आणि दाराकडे बघून मान हलवली. वर-खाली, हो म्हणतात तशी.

दारावरचा वॉचमन स्टुलावरून उठला. म्हणाला, अहो, आत पेशंट आहेत, बाळाला घेऊन पुढे व्हा.

मी निघणार होतो. सासूबाईंनी मला थांबवलं आणि मनगट डोळ्यांसमोर धरलं.

"एक मिनिट रडू द्या तिला," त्या वॉचमनला म्हणाल्या. "मी वेळ लावते. मिनिट झालं की निघतो."

वॉचमनने त्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा स्टुलावर बसला. मुकादम रडत राहिली. मिनिट झाल्यावर सासूबाईंनी झालं म्हणून सांगितलं, आणि आम्ही पुढे निघालो.